विद्यापीठ ग्रंथालयाचं डिजिटल कौशल्य महाविद्यालयांपर्यंत नेताना: प्रशिक्षण आणि सल्लाकामाची पद्धत

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीतली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला. अशा विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोहा (ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर), डीस्पेस (डिजिटल संग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर), बारकोड, स्कॅनिंग, शोधगंगेवर (देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) प्रबंध चढवणं ही कामं हातची असतात. तालुक्याच्या महाविद्यालयात मात्र एक ग्रंथपाल, एक ग्रंथालय परिचर आणि एक जुना संगणक. हे कौशल्य तिथपर्यंत न्यायची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे, त्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. प्रशिक्षण नमुन्याच्या डेटावर द्यायचं नाही. ज्याच्या-त्याच्या दाखल नोंदवहीवर (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक घालून लिहायच्या वहीवर) द्यायचं. पडद्यावर दाखवलेल्या स्लाइड घरी पोचेपर्यंत विसरल्या जातात. आपल्याच ग्रंथालयातली पन्नास पुस्तकं स्वतःच्या हातानं चढवलेली असली, की माणूस सोमवारी परत गेल्यावर एक्कावन्नावं पुस्तक घेतो.

तुकडी, जागा, वेळ

एका तुकडीत सोळा ते वीस जण, प्रत्येकाला स्वतंत्र संगणक आणि शिकवायला दोघं. एक जण पुढे बोलेल, दुसरा रांगांमधून फिरेल. एका संगणकावर दोघं बसवले की एकच शिकतो, आणि बहुतेक वेळा तो आधीच जाणणारा असतो. साठ जणांची कार्यशाळा फोटोत भरगच्च दिसते, पण महिन्याभरानं विचारलं तर कोहात एकही नोंद झालेली नसते.

सलग तीन दिवस आणि साधारण तीस दिवसांनी आणखी एक दिवस, अशी विभागणी ठेवा. चौथा दिवस हाच खरा. तोपर्यंत माणूस अडकलेला असतो आणि नेमके प्रश्न घेऊन येतो. प्रवेशाची धांदल, विद्यापीठाच्या परीक्षा आणि एप्रिल-मेचं ऊन टाळा. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी हे त्यातल्या त्यात मोकळे. किनवटच्या माणसानं नांदेडला, आष्टीच्या माणसानं संभाजीनगरला रोज ये-जा करणं शक्य नसतं. म्हणून अंबाजोगाई, उदगीर, वसमत अशा मधल्या गावातल्या एखाद्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा घ्या आणि सुरुवात अकराला ठेवा. पहिली एसटी धरून माणसं तोवर पोचतात.

बोलावणं पाठवतानाच सोबत काय आणायचं ते लिहा: दाखल नोंदवहीतल्या पन्नास ओळींची झेरॉक्स (निम्म्या जुन्या पानांवरच्या, निम्म्या अलीकडच्या), त्यातली दहा पुस्तकं प्रत्यक्ष, आणि आधीचं काही सॉफ्टवेअर असेल तर त्यातला डेटा पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह लावण्याआधी विषाणू तपासणी करा. एकाच्या पेनड्राइव्हनं अख्खी प्रयोगशाळा बंद पडू शकते.

जागेवर इंटरनेट धीमं असणार असं गृहीत धरा. कोहा एका लॅपटॉपवर बसवून न्या आणि प्रयोगशाळेच्या नेटवर्कवरून सगळ्यांना जोडा. वीस जणांच्या तुकडीला आठ जीबी रॅमचं यंत्र पुरतं. सर्व्हरला आणि स्विचला यूपीएस हवाच. वीज गेली आणि डेटाबेस लिहिता लिहिता बंद पडला, तर दुपारचं सत्र दुरुस्तीत जातं.

पहिला दिवस फक्त मराठी टंकलेखनाचा

यावर वेळ घालवायला अनेकांना जड जातं, पण सगळी पुढची इमारत इथे उभी असते. मराठीत शोधलं आणि पुस्तक असूनही सापडलं नाही, की विद्यार्थी पुन्हा संगणकाकडे वळत नाही. पुस्तक न सापडण्याची कारणं ठरलेली आहेत, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द घ्या. आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांत तो जागोजागी येतो. यातलं ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतं. एक प्रकार म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, मधे न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. दाखल करणाऱ्यानं पहिल्या प्रकारे लिहिलं आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या, तर निकाल शून्य येऊ शकतो. ‘ॲ’चं याहून अवघड आहे, कारण ते तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं: २००८ मध्ये युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक अक्षरसंकेतात) आलेलं एकसंध अक्षर, ‘अ’ला नुसता चंद्र लावलेला, आणि मधे जोडचिन्ह घालून चंद्र लावलेला. ‘ॲड.’ किंवा ‘ॲग्रिकल्चर’ शोधताना नेमकं इथेच फसतं.

उपाय असा. पहिल्याच तासाला सगळ्यांना इनस्क्रिप्ट कळफलक चालू करायला लावा. त्यात ‘र’च्या कळीवर शिफ्ट धरलं की ‘ऱ’ मिळतो आणि ‘ल’च्या कळीवर शिफ्ट धरलं की ‘ळ’. ‘शेतकऱ्यांचे’, ‘पुढाऱ्यांनी’, ‘तऱ्हा’, ‘ॲड.’, ‘कॉलेज’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘श्रीक्षेत्र’ अशी वीस शब्दांची यादी टंकून घ्या. मग प्रत्येकाच्या फायलीत ‘शोधा’ करून तुम्ही टंकलेला शब्द सापडतो का ते तपासा. ज्याचा सापडत नाही, त्याच्या कळफलकाची मांडणी वेगळी आहे. मोबाइलवर बोलून लिहिणारे आणि गूगलच्या कळफलकावर टंकणारे यांच्यातही असा फरक पडतो. नियम एकच ठेवा: स्वतंत्र ‘ऱ’ आणि एकसंध ‘ॲ’. आधी भरलेल्या डेटात आयात करण्यापूर्वी शोधा-बदला करून सगळं या एका रूपात आणा.

अंकांचाही निर्णय इथेच होतो. प्रकाशन वर्ष, वर्गांक, दाखल क्रमांक हे कोहात इंग्रजी अंकांतच टंकायचे. मराठी अंक टाकले तर वर्षानुसार गाळणी आणि क्रमवारी बिघडते. ग्रंथनामात पुस्तकावर जसे अंक असतील तसे राहू द्या.

जुना डेटा आणि एक्सेलचे घोळ

बऱ्याच महाविद्यालयांकडे काही हजार नोंदी आधी भरलेल्या असतात. मराठी ग्रंथनामं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्ट काढताच ती इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात. रूपांतरक वापरून युनिकोड करता येतं, पण आधी फक्त दोनशे ओळींवर चालवा आणि त्या दोनशे डोळ्यांनी वाचा. रफार पुढच्या अक्षरावर सरकणं, पहिली वेलांटी एक अक्षर इकडेतिकडे होणं, ‘श’च्या जागी ‘ष’ येणं या चुका ठरावीक असतात. एकदा यादी सापडली की पुढच्या सगळ्या ओळींत त्या एकगठ्ठा दुरुस्त होतात. नोंदी आठशेपेक्षा कमी असतील, तर रूपांतराच्या नादी न लागता पुस्तक हातात घेऊन नव्यानं भरणं लवकर उरकतं.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडायची नाही. मराठी मजकूर चिन्हांत बदलतो, ‘००१२३४’ हा दाखल क्रमांक ‘१२३४’ होतो, आणि तेरा अंकी आयएसबीएन दशांश-घातांकाच्या रूपात आखडतो. फाइल त्याच अवस्थेत जतन झाली तर मूळ आकडे परत मिळत नाहीत. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा, अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा आणि दाखल क्रमांक व आयएसबीएनचे स्तंभ ‘मजकूर’ म्हणून घ्या. बारकोडच्या चिकटपट्ट्या शून्यांसह छापलेल्या आणि डेटाबेसमध्ये शून्य उडालेले, म्हणून देवघेवीच्या टेबलावर एकही पुस्तक ओळखलं जात नाही: हा घोटाळा इतका नेहमीचा आहे की दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम करून दाखवा आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या.

दुहेरी दाखल क्रमांक जुन्या नोंदवहीत निघतातच. वही बदलताना आकडा चुकतो, भेट पुस्तकांना वेगळी मालिका दिलेली असते. कोहा एक बारकोड दोन प्रतींना लावू देत नाही, म्हणून आयातीपूर्वी क्रमानं लावून दुबार क्रमांकांची यादी काढा. नोंदवहीतला आकडा खोडू नका, लेखापरीक्षणात त्याचा प्रश्न येतो. भेट मालिकेला बारकोडात आधी एक अक्षर जोडा आणि शेऱ्याच्या रकान्यात ते लिहून प्राचार्यांची सही घ्या.

नोंद भरताना

मार्क २१ (ग्रंथनोंदीचा ठरलेला साचा) ची सगळी क्षेत्रं शिकवू नका. सुरुवातीला एवढी पुरतात: ०२० आयएसबीएन, ०८२ वर्गांक, १०० लेखक, २४५ ग्रंथनाम, २५० आवृत्ती, २६० प्रकाशन, ३०० पृष्ठं, ६५० विषय, आणि ९५२ मध्ये प्रतीची माहिती. ००८ मध्ये भाषेचा संकेत मराठीचा निवडला आहे ना, हे मात्र रोज पाहा. तो डीफॉल्ट इंग्रजीवर राहिला तर ‘फक्त मराठी पुस्तकं’ अशी गाळणी पुढे कधीच चालत नाही.

इंग्रजी पुस्तकांची नोंद झेड३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद शोधून आणायची पद्धत) वरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून ओढता येते, त्यात खूप श्रम वाचतात. मराठी पुस्तकांच्या तिथल्या नोंदी मात्र रोमन लिपीत, खुणा लावलेल्या अक्षरांत असतात. ती नोंद ओढून तशीच ठेवली तर मराठीत शोधणाऱ्याला पुस्तक नाहीच. विषय आणि वर्गांक तिथून घ्या, लेखक आणि ग्रंथनाम देवनागरीत नव्यानं टंका. लेखकाचं नाव कसं लिहायचं याचा नियम (आडनाव, स्वल्पविराम, नाव) एका कागदावर छापून प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवा.

कोहा बसवतानाच झेब्राचा (कोहातल्या शोधयंत्राचा) निर्देशांक आयसीयू पद्धतीनं (सगळ्या लिप्या ओळखणाऱ्या) चालेल अशी मांडणी करा. नेहमीच्या मांडणीत देवनागरी शोध अर्धवट चालतो. नंतरही बदलता येतं, पण मग सगळा निर्देशांक पुन्हा बांधावा लागतो. ही गोष्ट सल्लागारानं स्वतः करायची, महाविद्यालयावर सोडायची नाही.

निजामकाळातल्या ग्रंथसंग्रहांत उर्दू पुस्तकं आणि मोडी कागद निघतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्याची ही शिल्लक. उर्दू ग्रंथनाम उर्दू लिपीत टंका, कोहा ते उजवीकडून डावीकडे नीट दाखवतो. शेऱ्यात मराठीत एक ओळ द्या. वाचणारं कोणी नसेल तर अंदाजानं नाव लिहू नका, उर्दूच्या प्राध्यापकांना बोलवा. मोडीचं वाचणारं सापडेपर्यंत पहिल्या पानाचा फोटो घ्या आणि ‘मोडी, वाचन बाकी’ अशी नोंद करून ठेवा. नोंद झालेली वस्तू टिकते. बिननोंदीची पोथी पुढच्या साठा पडताळणीत निर्लेखनाच्या (संग्रहातून काढून टाकायच्या) ढिगात जाते, आणि ती परत कुठून आणणार?

किती दिवस लागतील हे खरं सांगा

सल्ल्यासाठी फोन बहुतेक वेळा नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) तारीख लागल्यावर येतो. दोन महिन्यांत वीस हजार पुस्तकं होतील का, असं विचारतात. हिशेब मांडून दाखवा. नवशिका माणूस मराठीची नवी नोंद दिवसाला चाळीस-पन्नास करतो. तिघं, महिन्याला बावीस दिवस, रोज पन्नास, म्हणजे तीन हजार तीनशे. वीस हजारांना सहा महिने, तेही कुणी रजेवर न गेल्यास. घाईत बाहेरच्या एजन्सीला ठेका दिला की लेखकाच्या जागी प्रकाशक आणि विषयाचा रकाना कोरा अशा हजारो नोंदी मिळतात, त्या निस्तरायला भरण्याइतकाच वेळ जातो.

दाखल क्रमांक एकपासून सुरुवात करायची नाही, हा सल्ला आवर्जून द्या. १९७२ साली आलेलं आणि वीस वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक पहिलं चढवून काय उपयोग? आज परत आलेलं पुस्तक कपाटात जाण्यापूर्वी चढवा. त्यासोबत चालू अभ्यासक्रमाची आणि गेल्या पाच वर्षांत घेतलेली पुस्तकं. दोन महिन्यांत देवघेवीतली बहुतांश पुस्तकं संगणकावर येतात आणि विद्यार्थ्याला फरक जाणवतो. उरलेला संग्रह सावकाश होऊ दे. पाहणी समितीलाही हा क्रम आणि त्यामागचं कारण सांगता येतं.

बारकोड थर्मल ट्रान्सफर छपाईचे, म्हणजे रिबनवाले घ्या. नुसत्या उष्णतेनं उमटणाऱ्या स्वस्त पट्ट्या पत्र्याच्या छपराखालच्या उन्हाळ्यात काळवंडतात किंवा पुसट होतात. पन्नास बाय पंचवीस मिलिमीटर आकार पुरतो. एक पट्टी मुखपृष्ठाच्या आत आणि तीच दुसऱ्यांदा शीर्षकपानामागे लावा. बाइंडिंगला गेलेलं पुस्तक मुखपृष्ठ बदलून येतं.

स्कॅनिंग आणि प्रबंध

छापील मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), बारीक अक्षरांना ४००. ए-४ चं एक पान ३०० डीपीआयला रंगीत घेतलं तर न दाबलेली टिफ फाइल साधारण सव्वीस एमबी होते, करड्या छटेत नऊ एमबीच्या आत. तीनशे पानांचं पुस्तक रंगीत म्हणजे आठ जीबीच्या आसपास. डिस्क घेण्यापूर्वी हा गुणाकार महाविद्यालयाकडूनच करून घ्या. ठिसूळ कागदाचं पुस्तक सपाट उघडून काचेवर दाबायचं नाही, पाठ तुटते. ते व्ही आकाराच्या पाळण्यात, नव्वद ते एकशेवीस अंशांत उघडून वरून टिपायचं.

कायद्याचं दोन वाक्यांत शिकवा. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावर, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं कॉपीराइट राहतो. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय स्वतःकडे छापील प्रत असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू शकतं (२०१२ ची दुरुस्ती), पण ती संकेतस्थळावर सर्वांना खुली करायला परवानगी लागते.

मराठी प्रबंधांच्या पीडीएफची एक चाचणी प्रत्येकाला शिकवाच. फाइल उघडा, एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर ठीक. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली तर प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो पडद्यावर सुंदर दिसतो, शोधात मात्र कधीच येत नाही. शक्य असेल तर संशोधकाकडून मूळ फाइल मागवून युनिकोडमध्ये रूपांतर करा. नाहीतर पानांच्या ३०० डीपीआय प्रतिमा करून टेसेरॅक्टच्या (प्रतिमेतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मराठी मॉडेलनं नवा मजकूर-थर चढवा. प्रत्येक प्रबंधातली दहा पानं हातानं तपासा, त्यांत तळटीपा आणि तक्ते असलेलं एक तरी पान हवं. शोधगंगेसाठी फायली प्रकरणनिहाय वेगळ्या, नावाच्या सुरुवातीला क्रमांक, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे मोकळी जागा नाही. मराठी नावाच्या फायली एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना तुटतात.

करार आणि पैसे

सल्लाकाम तोंडी घेऊ नका, ओळखीच्या महाविद्यालयाचं तर मुळीच नाही. दोन पानांचा करार पुरे. त्यात किती नोंदी, कुणाची यंत्रं, कुणाचे हात, किती भेटी आणि काय आपल्याकडे नाही (वायरिंग, छपाई, संगणक दुरुस्ती) हे असावं. डेटा महाविद्यालयाचा आहे आणि काम संपताना तो मार्क फाइल व डेटाबेसची संपूर्ण प्रत या दोन्ही रूपांत त्यांच्या हाती देणार, हे कलम कधीही वगळू नका. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांकडे. ग्रंथपाल निवृत्त झाले, पासवर्ड कुणालाच माहीत नाही आणि पाच वर्षांची मेहनत कुलूपबंद, असं होऊ द्यायचं नाही.

शुल्क दिवसांवर ठेवा, नोंदींवर नको. नोंदींवर ठेवलं की वेगाचा मोह होतो. रक्कम विद्यापीठाच्या खात्यात, पावतीसह. जीएसटीचं लेखा विभागाकडून आधी लेखी घ्या. अनुदानित सार्वजनिक वाचनालयांमध्ये ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गाचं अंदाजपत्रक अगदी तुटपुंजं असतं. त्यांच्याकडून प्रवासखर्चापलीकडे घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गावातली पोरं स्पर्धा परीक्षेला तिथेच बसतात.

नंतरच्या भेटी

तीस दिवसांनी जा आणि नव्वद दिवसांनी जा. किती नोंदी झाल्या हे नंतर विचारा. आधी कोहात शेवटची देवघेव कोणत्या तारखेची आहे ते पाहा आणि टेबलावरच्या देवघेव वहीतली शेवटची तारीख त्याच्याशी ताडून पाहा. वहीतली आजची आणि कोहातली तीन आठवड्यांपूर्वीची असेल, तर संगणक मागे पडतोय. दोन्हीकडे लिहायचे कष्ट कुणी फार दिवस सोसत नाही, आणि सोडायची वेळ आली की नवं सुटतं. यावर उपाय म्हणजे प्राचार्यांच्या सहीनं एक तारीख ठरवून वही बंद करणं. वीज गेल्यावर लिहायला एक छापील तक्ता ठेवा. वीज आली की त्याच दिवशी त्यातलं संगणकावर उतरवायचं.

शंका व्हॉट्सॲपवर येऊ द्या, पण उत्तर तिथेच सोडू नका. गटात महिन्याभरानं ते सापडत नाही आणि तोच प्रश्न चौथ्यांदा येतो. प्रत्येक उत्तर तारीख घालून एका सामायिक मराठी फायलीत उतरवा: काय दिसत होतं, कशामुळे, काय केलं.

नव्वद दिवसांच्या भेटीत बॅकअपची परीक्षा घ्या. कोहा रोज स्वतः बॅकअप काढतो, पण तो त्याच यंत्राच्या डिस्कवर ठेवतो आणि थोड्याच दिवसांत जुने पुसतो. डिस्क गेली की डेटा आणि बॅकअप दोन्ही गेले. दर शुक्रवारी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक इमारतीबाहेर, अशी सवय लावलेली असेल तर ती डिस्क मागून घ्या. सोबत नेलेल्या रिकाम्या लॅपटॉपवर ग्रंथपालांनाच त्यावरून सगळं परत उभं करायला सांगा आणि तुम्ही खुर्ची मागे सरकवून बसा. उभं राहिलं की पहिल्या दिवशीचा शब्द शोधायला लावा: ‘शेतकऱ्यांचे’. पुस्तकं दिसली की भेट-नोंदीवर सही करा. दिसली नाहीत, तर पुढची तारीख त्याच टेबलावर ठरवा.